चौकीदाराची फिर्याद आणि मकोकाचा दरारा

६ डिसेंबर २०२४. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले लाखो अनुयायी दादरच्या चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करण्यासाठी रांगेत उभे होते. त्याच दिवशी बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, मस्साजोगच्या शिवारात एका पवनऊर्जा प्रकल्पावरच्या चौकीदाराला मारहाण झाली. चौकीदार दलित समाजाचा. मारणारे लोक कंपनीकडून खंडणी उकळू पाहणाऱ्या टोळीचे, असे पुढे तपास यंत्रणेनेच न्यायालयात सांगितले. आपल्या गावच्या माणसाला मारतात म्हणून सरपंच संतोष देशमुख धावून गेले आणि त्यांनी त्या लोकांना अडवले. तीन दिवसांनी, ९ डिसेंबरला देशमुखांचे अपहरण झाले आणि हाल हाल करून त्यांचा खून करण्यात आला.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्र पेटला, मोर्चे निघाले, विधिमंडळ दणाणले. तपास सीआयडीकडे गेला, जानेवारी २०२५ मध्ये आरोपींवर मकोका लागला, निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी समिती नेमली गेली. ४ मार्च २०२५ रोजी राज्याच्या एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. आरोपींपैकी कोण दोषी आणि कोण निर्दोष, हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे आणि तो न्यायालयालाच राहू द्यावा. आपल्याला विचारायचा आहे तो दुसराच प्रश्न. या सगळ्या गदारोळात तो चौकीदार कुठे गेला?

वर्तमानपत्रांनी या खुनाला मराठा विरुद्ध वंजारी असा रंग दिला. नेत्यांनी आपापल्या जातीची गर्दी मोजली. ज्याच्या अंगावर पहिला हात उठला, ज्याच्यासाठी सरपंच धावला, तो मात्र बातमीच्या शेवटच्या ओळीतही राहिला नाही. त्याला मारहाण झाली त्याच दिवशी ॲट्रॉसिटीचे कलम लावले गेले नाही, पोलिसांनी किरकोळ भांडण म्हणून प्रकरण हाताळले, असा आरोप तेव्हापासून जाहीरपणे होत आला. त्या भागातल्या एका पोलीस उपनिरीक्षकाला निलंबितही करावे लागले. ॲट्रॉसिटी कायद्यात अटकपूर्व जामीन नाही आणि जामिनाच्या वेळी पीडिताचे म्हणणे ऐकावे लागते. हे कलम पहिल्याच दिवशी लागले असते तर ते लोक तीन दिवसांनी मोकळे हिंडले असते का? एका दलिताच्या फिर्यादीला जी किंमत दिली गेली नाही, ती शेवटी एका मराठा सरपंचाने जीव देऊन चुकवली. मराठा बांधवांनीही यावर शांतपणे विचार करावा.

कायदा कुणाला दिसतो?

मकोका म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा. तो १९९९ चा. नव्वदच्या दशकात मुंबईत बिल्डर, चित्रपट निर्माते, व्यापारी यांना टोळ्यांचे फोन येत होते, दिवसाढवळ्या गोळ्या झाडल्या जात होत्या. श्रीमंतांच्या दारात गोळी आली तेव्हा सरकारला जाग आली आणि हा कायदा झाला. पुढे तो दिल्लीलाही लागू झाला, कर्नाटक आणि गुजरातने त्याच धर्तीवर आपापले कायदे केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीची जवळपास तीच व्याख्या आता देशभरासाठी आली आहे.

या कायद्यात दम आहे, यात शंका नाही. आरोपपत्रासाठी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. आरोपी दोषी नाही आणि सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. साक्षीदाराचे नाव गुप्त ठेवता येते. टोळीची मालमत्ता जप्त करता येते.

पण या कायद्याला एक दरवाजा आहे आणि तो फार अरुंद आहे. मकोका लावायचा तर त्या टोळीवर गेल्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेली असली पाहिजेत आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असली पाहिजे. कलम १११ मध्येही हीच अट आहे. म्हणजे टोळी ही टोळी आहे हे कायद्याला कधी कळते? आधीच्या गुन्ह्यांची कागदावर नोंद झाली असेल तरच!

आता आपल्या गावाकडे पाहा. वाळूचा ट्रॅक्टर अडवला म्हणून मार खातो कोण? वीटभट्टीची उचल फिटली नाही म्हणून डांबून ठेवला जातो कोण? गायरानातल्या पिकावर नांगर फिरवला जातो तो कुणाच्या? पवनचक्कीच्या, सोलरच्या जागेवर रात्रीचा राखणदार म्हणून उभा असतो तो कोण? बहुतेक वेळा आपलाच माणूस, नाहीतर आदिवासी, नाहीतर भटका. गावगुंडांची टोळी पहिला हात साफ करते तो यांच्यावर. हे लोक ठाण्यात जातात तेव्हा काय होते? साहेब बाहेर गेलेत, उद्या या. कशाला गाव खराब करता, मिटवून टाका. फारच जोर केला तर अदखलपात्र म्हणून एका ओळीची नोंद. दहा वर्षे असे चालले की टोळीचा कागद कोरा राहतो. कोऱ्या कागदावर मकोका लागत नाही. मग ही टोळी वाढते, ठेके घेते, निवडणुकीत पैसा लावते, कुणाचा तरी कार्यकर्ता म्हणून मिरवते. एक दिवस ती अशा माणसाला हात लावते ज्याच्या मागे मोठी जात उभी आहे. तेव्हा राज्याला साक्षात्कार होतो की अरे, ही तर संघटित गुन्हेगारी!

मस्साजोगच्या आरोपींवर मकोका लागला याचा कायद्याने होणारा अर्थही लक्षात घ्या. टोळीच्या नावावर आधीची आरोपपत्रे आहेत, असे पोलिसांनीच सांगितले. म्हणजे ही माणसे पोलिसांना नवी नव्हती. मग ६ डिसेंबरला ते भांडण किरकोळ कसे ठरले?

खुर्ची मिळाली, ताकद कुठे आहे?

या प्रश्नाची दुसरी बाजू पंचायत राजची आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ७४ वी त्याच वर्षी १ जूनपासून. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, सरपंच-सभापतिपदांतही आरक्षण, महिलांना एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा. ज्या चावडीसमोरून आपल्या आजोबाला पायातली वहाण हातात घेऊन जावे लागत होते, त्याच गावच्या ग्रामपंचायतीत आपली लेक सरपंच म्हणून बसली. हे लहान यश नाही. ते बाबासाहेबांच्या विचाराचे यश आहे.

बाबासाहेब गावाच्या बाबतीत कधीच भाबडे नव्हते. ६ ऑक्टोबर १९३२ रोजी मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व असलेच पाहिजे अशी मागणी केली आणि जातीने पोखरलेल्या पंचांच्या हाती न्यायदानाचे अधिकार देण्यास विरोध केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी सडेतोड उत्तर दिले आणि खेडे नव्हे, तर व्यक्ती हा राज्यघटनेचा घटक ठरवला. गावाला अधिकार द्यायचे तर ते गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला संरक्षण देऊनच द्यावे लागतील, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. पंचायत राज सुधारणेच्या नावाखाली आपण खुर्ची राखीव केली. पण खुर्चीवर बसणाऱ्याच्या जिवाचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

आणि गावात आता पैसा आला आहे. १४ व्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामपंचायतींना दोन लाख कोटींहून अधिक अनुदान ठरवले. महामार्ग आले, पवनचक्क्या आल्या, सोलर आले. ना-हरकत दाखला, ठराव, रस्त्याचे काम, पाण्याची टाकी, सगळ्यावर सरपंचाची सही लागते. पूर्वी सरपंचपद मानाचे होते, आता ते किमतीचे झाले आहे. अतिशयोक्ती वाटत असेल तर जानेवारी २०२१ आठवा. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत सरपंच आणि सदस्यपदांचा चक्क लिलाव झाल्याचे उघड झाले. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेल्याची बातमी होती. राज्य निवडणूक आयोगाला दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रिया रद्द करावी लागली. देवळासाठी वर्गणी म्हणून लिलाव केला, असे वर तोंड करून सांगितले गेले. मताचा अधिकार बाबासाहेबांनी मिळवून दिला आणि गावच्या पुढाऱ्यांनी तो देवळाच्या पायरीवर विकायला काढला!

सुधारणांचा खेळही पाहण्यासारखा आहे. २०१७ मध्ये सरपंचाची थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. ज्या पक्षाला जे सोयीचे ते त्याने केले. दर पाच वर्षांनी निवडणूक घ्या असे राज्यघटना सांगते. तरीही महाराष्ट्रातल्या महापालिका, जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या ताब्यात राहिल्या. मुंबई महापालिकेत मार्च २०२२ ला प्रशासक बसला आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. त्याआधी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. लोकप्रतिनिधी नसतो तेव्हा ठेकेदार आणि अधिकारी यांच्यामध्ये प्रश्न विचारणारा कुणी उरत नाही. गुन्हेगारी टोळीला आणखी काय हवे असते?

जात हीच टोळी होते तेव्हा

आणखी एक गोष्ट कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून ती सांगितली पाहिजे. त्यासाठी तमिळनाडूचे उदाहरण घ्यावे लागेल. मदुराई जिल्ह्यातले मेलवलवू हे गाव. १९९६ मध्ये तिथले पंचायत अध्यक्षपद अनुसूचित जातीसाठी राखीव झाले. गावातल्या वरचढ जातीने सांगितले, कुणी अर्ज भरायचा नाही. मुरुगेशन नावाच्या कार्यकर्त्याने भरला, निवडूनही आले, पण कार्यालयात पाऊल ठेवू दिले गेले नाही. ३० जून १९९७ रोजी मदुराईहून परतताना बस अडवून त्यांची आणि सोबतच्या कार्यकर्त्यांची कत्तल झाली. सतरा जणांना जन्मठेप लागली. त्यांपैकी तेरा जणांना २०१९ मध्ये राज्य सरकारने मुदतीपूर्वी सोडून दिले. त्याच जिल्ह्यातल्या पाप्पापट्टी, कीरिपट्टी यांसारख्या गावांत दहा वर्षे राखीव पदाची निवडणूकच नीट होऊ दिली गेली नाही. ती झाली २००६ मध्ये.

हे संघटित नव्हते काय? धमकी होती, बहिष्कार होता, कट होता, खून होता, आणि उद्देश सत्ता व साधनसंपत्ती ताब्यात ठेवण्याचा होता. पण अशा जातीच्या टोळीवर आधीचे आरोपपत्र नसते, कारण तिच्याविरुद्ध फिर्याद देण्याची कुणाची हिंमत नसते. तिला संघटित गुन्हेगारी म्हणत नाहीत, गावकी म्हणतात.

महाराष्ट्राला हे परके नाही. खैरलांजीच्या खटल्यात आरोपींना शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटी सिद्ध झाली नाही असे न्यायालयाने म्हटले. खर्ड्याच्या नितीन आगेच्या खुनात २०१७ मध्ये आरोपी सुटले, कारण साक्षीदार फिरले. मकोकात साक्षीदाराचे नाव झाकता येते, मग खर्ड्याच्या साक्षीदाराला कोण वाचवणार होते? साक्षीदाराला संरक्षण कसे द्यायचे हे सरकारला चांगले माहीत आहे. ते कुणाला द्यायचे, एवढाच प्रश्न आहे.

कायदा कडक हवा की पोलीस निःपक्ष?

काही समाजबांधव म्हणतील, मग मकोका आणखी कडक करा, गावोगावी लावा. इथे मात्र सावध राहायला हवे. मस्साजोगचा खून ९ डिसेंबरचा. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, त्याच मराठवाड्यात परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. आपले लोक रस्त्यावर आले. पोलिसांनी वस्त्यांत घुसून तरुणांना उचलले. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी पोलीस कोठडीतून न्यायालयीन कोठडीत गेला आणि १५ डिसेंबरला मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवावा म्हणून त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. जुलै २०२५ मध्ये तिथून आदेश आला, तेव्हा सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले.

एकाच आठवड्यातल्या या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. केजमध्ये दलिताची फिर्याद लिहायला पोलिसांच्या पेनात शाई नव्हती. परभणीत दलितांना आत टाकायला मात्र गाड्या कमी पडल्या नाहीत. पोलिसापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून मान्य करणारा कायदा अशा पोलिसांच्या हाती कुणावर उलटेल, हे सांगायला ज्योतिषी नको. टाडाचे काय झाले, पोटाचे काय झाले, आपण पाहिले आहे. खैरलांजीचा निषेध करणाऱ्यांच्या मागे नक्षलवादी आहेत, अशी भाषा २००६ मध्ये याच राज्याच्या सत्तेतून झाली होती. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, तेव्हा आपल्या मनात शंका आली ती याच अनुभवामुळे.

आणि दुटप्पीपणा पाहा. मकोकात जामीन मिळत नाही म्हणून प्रस्थापितांचा मोर्चा कधी निघाल्याचे ऐकले आहे का? ॲट्रॉसिटीत अटकपूर्व जामीन नाही म्हणताच मात्र गैरवापर, गैरवापर अशी ओरड सुरू होते. २० मार्च २०१८ च्या निकालाने हा कायदा जवळजवळ निकामी केला होता. २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये आपल्या माणसांनी रक्त सांडले, तेव्हा संसदेला दुरुस्ती करून तो पूर्ववत करावा लागला.

मग करायचे काय? नवा कायदा मागण्याआधी आहेत ती कलमे उघडून वाचा. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. गुन्हा न नोंदवणे ही त्यातलीच कसूर. मकोकाच्या कलम २४ मध्ये टोळीला मदत करणाऱ्या किंवा या कायद्याखालची कारवाई टाळणाऱ्या लोकसेवकाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ही दोन कलमे तुमच्या जिल्ह्यात शेवटची कधी वापरली गेली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, घरी बसून निम्मा पगार आहे.

अनुसूचित जाती-जमातीच्या सरपंचाला किंवा सदस्याला काम करू न देणे, धमकावणे, अर्ज भरू न देणे हा २०१६ पासून ॲट्रॉसिटी कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. किती राखीव सरपंचांना हे कुणी सांगितले? ग्रामसेवक सांगणार नाही, हे काम आपल्या कार्यकर्त्यांचे आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व संनियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा, तर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची वर्षातून दोनदा घ्यावी, असे नियम सांगतात. त्या होतात का, त्यांत किती फिर्यादी नाकारल्या गेल्याची चर्चा होते, हे तालुक्या-तालुक्यातून विचारले गेले पाहिजे. ग्रामसभेत ठेक्यांची यादी मोठ्याने वाचून घ्या. मागासवर्गीयांसाठीचा पंधरा टक्के निधी कुठे खर्ची पडला ते लिहून मागा. ठेकेदाराचे नाव ग्रामसभेच्या इतिवृत्तात आले की टोळीला अंधार मिळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचे, वस्तीतला कुणी मार खाऊन आला तर त्याला एकट्याने ठाण्यात पाठवू नका. चार जण बरोबर जा, फिर्याद लेखी द्या, पोच घ्या, घेतली नाही तर अधीक्षकांना टपालाने पाठवा. त्या एका कागदाने कदाचित तुमच्या माणसाला लगेच न्याय मिळणार नाही. पण टोळीचा कागद कोरा राहणार नाही. उद्या मकोकाचा दरवाजा उघडायचा असेल तर किल्ली तीच आहे.

मस्साजोगचा सरपंच आपल्या जातीचा नव्हता. तो आपल्या माणसासाठी धावला, हे आंबेडकरी चळवळीने विसरता कामा नये. बाबासाहेबांना अपेक्षित असलेली बंधुता ती हीच. ती ऋणाईत भावना ठेवूनच आपण राज्यकर्त्यांना विचारायचे आहे: सरपंचाच्या खुनाचा खटला तुम्ही मकोकाखाली चालवताय, चांगलेच आहे. चौकीदाराची फिर्याद कधी चालवणार?

जय भीम!